रोज हरणारा पोखऱ्या

अर्धी चढण संपली तसे भाऊजी रस्त्याकडेच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, राक्षसाला जरा खाली ठेवू या. जड झालाय."

राक्षस म्हणजे त्यांच्या खांद्यावरचं गाठोडं. वहिनींनीही हातातला ब्रश झाडाला टेकवून उभा केला. तो दात घासायचाच ब्रश होता, फक्त त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. दांडा लाकडी, निळा रंगवलेला, आणि वरचे केस दोन खराट्यांचे. येणारा-जाणारा वळून बघितल्याशिवाय राहत नव्हता. मघाशी एका सायकलवाल्याने पाय टेकून विचारलंच होतं, "बाई, एवढं मोठं तोंड कुणाचं म्हणायचं?" तर भाऊजींनी गाठोड्याकडे बोट दाखवलं. "ह्याचं. पण हा घासत नाही."

टेकडीवरच्या शाळेपर्यंत बस जात नव्हती. दवाखान्याची गाडी पुढे गेली होती. तिच्यात मोठ्या डॉक्टरीणबाई, हत्यारांच्या पेट्या आणि दवाखान्यात नव्याने लागलेली एक मुलगी होती. गाडीत आणखी दोन माणसांपुरती जागा होती, पण ब्रश काही केल्या मावत नव्हता. आणि ब्रशाला एकटं सोडायचं नाही, हा भाऊजींचा नेम.

"गुडघा दुखतोय ना?" वहिनींनी विचारलं.

"छे. विचार करतोय."

"गुडघ्याने?"

"आई म्हणायचीच, ह्याची अक्कल गुडघ्यात आहे. आता तीच सुजलीय."

वहिनी हसल्या, पण त्यांचं लक्ष होतं. चढण लागल्यापासून भाऊजी डावा पाय पुढे टाकत आणि उजवा मागून ओढून घेत. त्यांनी विषय वाढवला नाही. आजचा दिवस गुडघ्याचा नव्हता. आज पोखऱ्या राहणार की जाणार, ते ठरायचं होतं.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. दातांच्या सरकारी दवाखान्यात ते मदतनीस होते. हत्यारं उकळायची, माणसाच्या गळ्याला रुमाल बांधायचा, चूळ भरायला पेला पुढे करायचा, आणि दाढ काढताना कुणी खुर्चीचे हात आवळून धरले की हळूच म्हणायचं, "खुर्ची सोडा, माझा हात धरा. खुर्ची सरकारी आहे." हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण दवाखान्याची माणसं शाळाशाळांतून मुलांचे दात तपासायला जात तेव्हा भाऊजी काळा अंगरखा चढवत, डोक्यावर पिवळ्या दातांचं मोठं टोपडं घालत, हातात पुठ्ठ्याची कुदळ घेत आणि पोखऱ्या होत.

पोखऱ्या म्हणजे दात पोखरणारा राक्षस. तो कधी दारातून यायचा नाही. वर्गात आधी नुसता आवाज यायचा, कुरुम्, कुरुम्, जसं कुणी कोपऱ्यात बसून काहीतरी चघळतंय. मग खिडकीतून एक काळा पाय आत. मग दुसरा. मग कुदळ. टेबलावर उशांचे शिवलेले पाच पांढरे दात मांडलेले असत, त्यांच्यावर तो ऐसपैस बसायचा आणि विचारायचा, "काल रात्री चूळ न भरता कोण झोपलं? नाव नको सांगायला. वासावरून ओळखतो मी." सगळा वर्ग तोंडावर हात ठेवायचा.

आणि मग पांढरा झगा घातलेली ब्रशताई यायची. ती ब्रश उगारायची, मुलं तिच्या सुरात सूर मिळवून ओरडायची, "पोखऱ्या, चालता हो," आणि पोखऱ्या गडबडत, धडपडत, गयावया करत दाराबाहेर पळायचा. दर वेळी. एकदाही जिंकायचा नाही.

त्या शहरात शाळेत गेलेल्या माणसाला पोखऱ्या माहीत नाही असं होत नसे. माणसं मोठी झाली, पाढे विसरली, शाळेची गाणी विसरली, पण कुरुम् कुरुम् विसरली नाहीत. टपाल कचेरीतला मिशाळ कारकून एकदा वहिनींच्या हातात कुदळ बघून खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला होता, आणि मग ओशाळून म्हणाला होता, "अजून आहे का हो तो?" आया मुलांना झोपवताना त्याचंच नाव घेत. बुवा-बागुलबुवा सगळे त्याच्यापुढे फिके पडले होते.

त्यातली गंमत अशी की, खेळ संपला की भाऊजी मागल्या बाजूला कपडे बदलत आणि पांढरा डगला घालून तपासणीला येऊन उभे राहत. भ्यालेली मुलं त्यांचाच हात धरत. "काका, तो परत नाही ना येणार?" आणि भाऊजी अगदी गंभीरपणे सांगत, "मी दाराशी उभा आहे ना. बघतोच कसा येतो ते."

वहिनी ह्या सगळ्यात कशा आल्या, तर एका उसवलेल्या शिवणीमुळे.

यजमान गेले तेव्हा वहिनींना वाटलं होतं, आता आपलं बोलणंही संपलं. तशाही त्या कधी फार बोलल्या नव्हत्या. माहेरी मुलीने आवाज चढवायचा नव्हता आणि सासरी सुनेने. यजमान समजूतदार होते, त्यांना खुणेनेही कळायचं. ते गेल्यावर खुणा बघायलाही कुणी राहिलं नाही. त्या घरात बसून उशांचे अभ्रे शिवत, सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावत, आणि कित्येक दिवस तोंडातून काढलेला शब्द तेवढा प्रार्थनेचा. तोही पुटपुटून.

एका संध्याकाळी भाऊजी गाठोडं घेऊन दारात उभे. "वहिनी, हा राक्षस काखेत उसवलाय. उद्या त्याला कामावर जायचंय."

त्यांनी शिवून दिलं. दुसऱ्या आठवड्यात अस्तर. मग शेपटी. मग भाऊजी म्हणाले की टोपड्याला मागून हवा लागत नाही, तिथे जाळी लावता येईल का. वहिनींनी जाळी लावली आणि मनात म्हटलं, ह्या राक्षसाला बरंच काही होतंय. त्या वेळी त्यांना कळलं नाही की कपडे मुद्दाम थोडे थोडे उसवले जात होते.

मग एक दिवस ब्रशताईचं काम करणारी परिचारिका बदली होऊन गेली, आणि भाऊजी येऊन म्हणाले, "फक्त उद्यापुरतं. ब्रश धरून उभं राहायचं आणि 'चालता हो' म्हणायचं. दोन शब्द. त्याला काय लागतं?"

वहिनींना ते दोन शब्द रात्रभर गिळता येईनात. सकाळी वर्गात उभ्या राहिल्या तर दातखीळ बसली. एवढी पोरं, एवढे डोळे. समोर पोखऱ्या उशीच्या दातावर बसून कुदळ फिरवत होता. त्यांनी कसंबसं म्हटलं, "चालता हो."

ते त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नाही.

ठरल्याप्रमाणे पोखऱ्याने तेव्हा पळायचं होतं. तो पळाला नाही. त्याने कानाला हात लावला. "काय? कुणी बोललं का? का मुंगी शिंकली?" पोरं हसली. वहिनींनी पुन्हा म्हटलं. "अरे, पुन्हा शिंकली. सर्दी झालीय तिला." पोरं आणखी हसली. वहिनींचे कान लाल झाले. हे काय वागणं? स्वतःच घेऊन यायचं आणि चारचौघांत अशी फजिती करायची? आपलेच दात आणि आपलेच ओठ, नाहीतर इथल्या इथे चार शब्द सुनावले असते. "ताईबाई, घरी जा," पोखऱ्या म्हणाला, "उशा शिवा. दात माझे."

"चालता हो," वहिनी म्हणाल्या.

खिडकीच्या काचा थरथरल्या, असं नंतर शेजारच्या वर्गातल्या बाई सांगत. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पोखऱ्या असा पळाला की टोपडं दाराच्या चौकटीला आपटून त्याचा एक दात पडला. तो नंतर वहिनींनीच शिवला.

घरी येताना त्या रागावून चार पावलं पुढे चालत होत्या. भाऊजी मागून म्हणाले, "रागावलात?"

"हो," वहिनी म्हणाल्या. आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की आपण हे मोठ्याने म्हणालो, रस्त्यात, आणि काही बिघडलं नाही.

तेव्हापासून 'उद्यापुरतं' चालूच राहिलं. दवाखान्याने त्यांना कामावर घेतलं, आणि त्यांचं ऐकून तिथे सगळेच भाऊजींना भाऊजी म्हणायला लागले. पुढे त्या दुकानदाराला "हे माप बरोबर नाही" म्हणायला शिकल्या, नळ दुरुस्त करणाऱ्याला परत बोलवायला शिकल्या, आणि देवाशीही जरा मोकळेपणाने बोलायला लागल्या. रोज रात्री दिवा लावताना त्या ज्यांच्यासाठी हात जोडत त्यांत यजमान असत, आणि एक काळं गाठोडंही असे. एक माणूस आपल्यासमोर रोज हरतो, तेही अशा तऱ्हेने की जिंकल्याचं आपल्यालाच खरं वाटावं, हे देणं कुठल्या नावाने ओळखायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या नुसतं म्हणत, देवा, त्यांना सुखी ठेव.

भाऊजी हरण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. शाळेत पोचलं की आधी दार बघायचे. आत उघडतं की बाहेर, उंबरा आहे का, बाहेर पायऱ्या किती जवळ आहेत. मुलांच्या मधून एक वाट मोकळी ठेवायला सांगायचे. अगदी लहानग्यांच्या दिशेने कधी पाऊल टाकायचे नाहीत. कुणाला बोट लावायचे नाहीत. "जिंकायला जोर लागतो, वहिनी," ते म्हणत. "हरायला डोकं लागतं. आणि दार बाहेर उघडणारं लागतं."

तर असा हा पोखऱ्या, आणि त्याच्यावर वेळ आली ती ह्याच टेकडीवरच्या शाळेत.

मागच्या वर्षी तपासणीत दुसरीच्या वर्गाचे दात बघून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आरसा खाली ठेवला. आदल्या वर्षीपेक्षा खराब. एकाचे नाही, जवळजवळ सगळ्यांचे. वर्गशिक्षिका चक्रावल्या. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी, पुढचे दोन दात पडलेली, उभी राहून म्हणाली, "आम्ही ठरवलंय. दात घासायचे नाहीत."

"का गं?"

"घासले की पोखरकाका पळून जातात. मग वर्षभर येत नाहीत. आणि त्यांना खायला पण काही मिळत नाही."

पोखरकाका. राक्षसाला 'काका' म्हणायला लागले म्हणजे राक्षस कामातून गेला. सगळ्या वर्गाने एकमेकांना शब्द दिला होता. घरी आया ब्रश हातात देत, ही मुलं नळ सोडून ब्रश ओला करत आणि परत ठेवत. राक्षसाचा जीव वाचावा म्हणून.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग हसू थांबलं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही काम इतकं चांगलं करता की आता त्याचा उपयोग उलटा व्हायला लागलाय. मुख्य कचेरीत एक हसरा दात आलाय. गुबगुबीत, पांढरा, तयार पोशाख. त्याच्यावर कुणी दया करणार नाही, कारण त्याला काही होतच नाही. तो मागवावा म्हणते."

"आत पंखा आहे म्हणे," तिथे असलेल्या चालकाने माहिती पुरवली.

"मग तर मी आतच झोपेन," भाऊजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, मला एकदा त्या वर्गात जाऊ द्या. घोळ माझा आहे, मीच निस्तरतो. मग काय ते मागवा."

त्या बाई समंजस होत्या. "जा," म्हणाल्या. "पुढच्या तपासणीला त्यांची तोंडं बघून ठरवू."

त्या दिवशी पोखऱ्या पहिल्यांदा दारातून आत आला. कुरुम् कुरुम् नाही, खिडकी नाही. वर्ग आनंदाने उसळला, "पोखरकाका आले." तो बाकांमधून सावकाश फिरला. "आ कर," एकाला म्हणाला. बघितलं. दुसऱ्याला म्हणाला. बघितलं. मग त्याने मोठी जांभई दिली.

"इथे करायला काय आहे?" तो म्हणाला. "सगळं खणून झालंय. लढाई नाही, झटापट नाही. मी राक्षस आहे, मला लढाई लागते. ज्या शाळेत ब्रश चालतो त्या शाळेत जायला मजा. इथे कशाला येऊ?"

दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "पण आम्ही हे तुमच्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडून दाखवलं.

वहिनी ब्रश घेऊन मागे उभ्या होत्या. टोपड्याच्या आत काय चाललंय ते कुणाला दिसणार नव्हतं, पण कुदळ धरलेला हात हळूहळू खाली आलेला त्यांना दिसला.

"नको," तो शेवटी म्हणाला. "आयतं मी खात नाही." आणि पाठ फिरवून, चालत, दारातून निघून गेला. धडपड नाही, गयावया नाही.

"ब्रशताई, त्याला पळवा ना," कुणीतरी म्हणालं.

वहिनींनी ब्रशाकडे पाहिलं. "पळवायला आधी तो यायला तर हवा," त्या म्हणाल्या.

भाऊजी पाण्याच्या टाकीमागे टोपडं मांडीवर घेऊन बसले होते. "आज मी जिंकलो, वहिनी," ते म्हणाले.

"मग तोंड का असं?"

"चव वाईट असते हो जिंकण्याची. पोरांची तोंडं बघितलीत?"

त्यानंतर कितीतरी दिवस दवाखान्यात त्यांनी कुणाची थट्टा केली नव्हती.

आज त्याच वर्गाची तपासणी होती. म्हणून चढण लांब वाटत होती.

"उठा," वहिनी म्हणाल्या, "नाहीतर गाडीवाले म्हणतील राक्षस पळाला." त्यांनी गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि ब्रश भाऊजींच्या हातात दिला, टेकायला. भाऊजींनी नको-नको केलं नाही, तेव्हा वहिनींना गुडघ्याचं खरं काय ते कळलं.

शाळेत त्यांना खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. बाजूला वर्ग. भिंतीपलीकडून आरसा ताटलीत ठेवल्याचा किणकिण आवाज येत होता आणि मधूनमधून नवी मुलगी मुलांची नावं पुकारत होती. पुकारत होती म्हणजे काय, ओठ हलवत असावी. दर नावानंतर वर्गशिक्षिकांना तेच नाव पुन्हा मोठ्याने घ्यावं लागत होतं. दवाखान्यातही तेच व्हायचं, ती दारात उभी राहून नाव घ्यायची आणि बाकावरचा माणूस शेजारच्याला विचारायचा, "माझं घेतलं का?"

भाऊजी चटईच्या गुंडाळीवर बसून टोपडं पुसत होते. तेच तेच दात पुन्हा पुन्हा. वहिनींनी डोळे मिटले. देवा, त्या मनात म्हणाल्या, राक्षसासाठी तुझ्याकडे काही मागणारी मी पहिलीच असेन. पण तूच बघ, तो कसा आहे ते.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई हात पुसत आत आल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"जुनी कीड आहे, ती मी भरते," त्या म्हणाल्या. "नवीन नाही. दोघं-तिघं आळशी आहेत, ते कुठल्याही वर्गात असतातच." मग त्यांनी टोपड्याकडे हनुवटीने खूण केली. "चढवा. हसऱ्या दाताला कळवते की बाबा, तू तिथेच हस."

टोपडं घालायला भाऊजींनी जरा जास्तच घाई केली.

आणि मग कुरुम् कुरुम्. वर्ग एकदम शांत. खिडकीतून एक काळा पाय आत आला. दुसरा यायला वेळ लागला. वहिनींना त्या वेळाचा अर्थ कळत होता, मुलांना तो भीतीचा वाटला. पोखऱ्या आत उतरला, आणि दोन वेण्यांची मुलगी, आता पुढे नवे मोठे दात आलेली, बाकावर उभी राहून ओरडली, "ए पोखऱ्या, हे बघ." तिने सगळे दात दाखवले.

पोखऱ्या. काका नाही.

तो असा किंचाळला, जणू प्रकाश डोळ्यांत गेला. मग आज भाऊजी जसे हरले तसे कधी हरले नव्हते. उशीच्या दातांवरून घसरले. कुदळ मोडली. "एक द्या," म्हणाले, "एकच, दुधाचा चालेल, हलणारा चालेल, पडलेला असला तरी खिशात ठेवीन." पोरांनी बाक बडवले. वहिनींनी ब्रश उगारला, सगळा वर्ग गरजला, आणि पोखऱ्या ठेवलेल्या वाटेने दाराकडे पळाला. उंबऱ्यावर गुडघा मुडपला आणि तो खरोखरचा पडला.

पोरं हसून लोळत होती. हा खेळातलाच भाग. फक्त वहिनींना दिसलं की त्यांचा हात चौकट चाचपतोय आणि सापडत नाहीये. राक्षस उठू शकला नाही असं मुलांनी बघितलं असतं तर पुन्हा काका झाला असता.

त्या झगा पसरून दार आणि वर्गाच्या मधे उभ्या राहिल्या. "सगळे खिडकीकडे तोंड करा," त्या म्हणाल्या. शेजारचा वर्गही खिडकीकडे वळला असेल असा आवाज होता तो. "आता चूळ भरल्याचा आवाज. मोठ्याने. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

सगळी मुलं खिडकीकडे बघत गुळगुळ आवाज काढत राहिली, आणि त्यांच्या पाठीमागे पोखऱ्या सरपटत उंबरा ओलांडून गेला. डॉक्टरीणबाईंनी आणि चालकाने त्याला बाहेर धरलं.

गाडी आधी टेकडीपलीकडच्या शाळेत पेट्या पोचवून मग त्यांना घ्यायला येणार होती; पेट्या उतरल्या की ब्रशालाही जागा होणार होती. बाई म्हणाल्या, बसून राहा. भाऊजी म्हणाले, "बसलो तर आखडेल. उतार आहे, जेवढं जमेल तेवढं चालतो." तेव्हा दोघं पुन्हा त्याच रस्त्याला लागले, गाठोडं वहिनींच्या खांद्यावर, ब्रश भाऊजींच्या हातात काठीसारखा. ऊन कललं होतं. सकाळच्या दगडापाशी आल्यावर ते टेकले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "मला एक विचारायचं होतं. खूप दिवसांपासूनचं. तो अंगरखा सुरुवातीला सारखा उसवायचा कसा?"

भाऊजी रस्त्याकडे बघत हसले. "दवाखान्यातली कात्री बारीक असते. टाका दिसत नाही."

"वाटलंच मला." त्यांना आणखी म्हणायचं होतं. इतक्या वर्षांचं सगळं म्हणायचं होतं. पण मोठ्याने बोलायला शिकलेल्या माणसालाही काही गोष्टी मोठ्याने म्हणता येत नाहीत. त्यांनी गाठोड्याची गाठ सैल झाली होती ती घट्ट केली.

"वहिनी, एक मागू?"

"मागा ना."

"तो तुम्ही घ्या आता."

"काय घेऊ?"

"पोखऱ्या. आज पुरे झालं माझं. खिडकीतच कळलं."

"मी राक्षस?"

"का? मघाशी तुमचा आवाज ऐकून मीसुद्धा चूळ भरणार होतो." मग थट्टा ओसरली. "हरायचं कसं ते तुम्हाला शिकवायला नको. इतकी वर्षं समोरून बघितलंय. तुमच्याएवढ्या जवळून कुणी बघितलं नाही."

"आणि ब्रश कोण धरणार?"

भाऊजींनी टेकडीकडे मान केली. वरच्या वळणावर दवाखान्याची गाडी दिसायला लागली होती. "ती नवी मुलगी."

"ती? तिचं बोलणं बाकावरच्या माणसाला ऐकू जात नाही."

"म्हणूनच तर," भाऊजी म्हणाले.

वहिनींचा हात गाठोड्यावर तसाच राहिला. गाडी हळूहळू उतरत होती. पुढच्या काचेआड ती मुलगी अंग चोरून बसलेली दिसत होती, दोन्ही हात मांडीवर.

"पहिल्या दिवशी ती पुटपुटेल," भाऊजी म्हणाले. "पोरं हसतील. तुम्हाला तिची कीव येईल, वाटेल की पळावं आणि सोडवावं बिचारीला. मलाही वाटलं होतं. तेवढं मात्र करू नका, वहिनी. तिचा आवाज फुटेपर्यंत जागचं हलू नका."